स्वादुपिंडशोथानंतरचे पुनःस्वास्थ्य

जठराच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्यास आडवे असे स्वादुपिंड वसलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर असले, तरी त्याचे कार्य दुहेरी आहे. दररोज एक ते दीड लिटर पाचक रस ते लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सोडते, आणि त्याचबरोबर इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात मिसळते. या पिंडास अकस्मात दाह होऊन सूज आली म्हणजे त्या विकारास तीव्र स्वादुपिंडशोथ म्हणतात. त्याच्या वेदनांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु वेदना शमल्यानंतरच्या काळाविषयी फारसे बोलले जात नाही. रुग्णालयातून घरी आलेला मनुष्य बरा झाला असे केव्हा समजावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. प्रथिने पचविणारी द्रव्ये स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात असतात. ट्रिप्सिनोजेन हे द्रव्य आतड्यात पोहोचल्यावरच तेथील एका एंझाइमामुळे त्याचे ट्रिप्सिन बनते व ते कार्यक्षम होते. हे रूपांतर पिंडातच घडून आले, तर पिंड स्वतःचेच पचन करू लागते. अमेरिकेतील बॉस्टन येथील रेजिनल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. पुढे १८९६ मध्ये हान्स कियारी यांनी स्वपचनाची ही उपपत्ती मांडली. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही विकाराची दोन प्रमुख कारणे होत. रक्तातील ट्रायग्लिसराइड या मेदाचे प्रमाण डेसिलिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, काही औषधे इत्यादी कारणे त्यामानाने विरळ आढळतात. यास्तव स्वादुपिंडाचा विकार म्हणजे मद्यपानाचेच फळ, हा समज अन्यायाचा आहे. ज्यांनी मद्यास कधी स्पर्शही केलेला नाही अशा अनेक रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, आप्तेष्टांच्या संशयाचा त्रास विनाकारण सोसावा लागतो.

उपचारांच्या बाबतीत एका जुन्या तत्त्वाचा प्रभाव दीर्घकाळ टिकून होता. अन्न पोटात गेले की पिंड रस स्रवणार. म्हणून त्यास विश्रांती देण्यासाठी रुग्णास उपाशी ठेवावे, असे ते तत्त्व. वरवर ते तर्कशुद्ध वाटते. परंतु आतडे रिकामे राहिल्यास त्याचे अस्तर दुर्बळ होते आणि जंतूंना शरीरात शिरण्यास वाव मिळतो, असे पुढे निदर्शनास आले. म्हणून सौम्य विकारात, वांती थांबून भूक लागताच, शक्यतो पहिल्या २४ तासांतच तोंडाने आहार देण्यास आता आरंभ करतात. आधी नुसते पातळ पदार्थ, मग घट्ट, अशा पायऱ्यांचीही बहुधा गरज नसते. मऊ भात, मुगाचे वरण, लोणी काढलेले ताक असा कमी स्निग्ध आहार प्रथमपासून चालू शकतो. घरी मात्र जुने तत्त्व अद्याप नांदते. प्रेमापोटी रुग्णास आठवडेच्या आठवडे केवळ पेजेवर ठेवले जाते, आणि आजाराने झिजलेले स्नायू अधिकच झिजतात. प्रथिनांनी युक्त असे थोडे थोडे अन्न दिवसातून पाच-सहा वेळा घेणे, हे पेजेपेक्षा कितीतरी हितावह होय.

सुमारे ८० टक्के रुग्णांत विकार सौम्य असतो व तो आठवड्याभरात आटोक्यात येतो. उरलेल्यांत पिंडाचा काही भाग मृत होणे, भोवती द्रव साचणे, श्वसन किंवा मूत्रपिंड मंदावणे असे उपद्रव संभवतात. त्यांना सावरण्यास कित्येक महिने लागू शकतात. थकवा हा या काळातील नित्याचा सोबती होय. तो आळस नव्हे, हे घरच्यांनी व कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांनीही ध्यानी घ्यावयास हवे. चालण्याचे अंतर हळूहळू वाढविणे व प्रथम अर्धवेळ कामावर रुजू होणे, हा क्रम बहुतेकांस मानवतो.

वेदना थांबल्या तरी पिंडाची दोन्ही कार्ये पूर्ववत झाली असतील असे नाही. मल फिकट, तेलकट व दुर्गंधीयुक्त होत असेल आणि पुरेसे खाऊनही वजन घटत असेल, तर पाचक रस अपुरा पडत आहे असे समजावे. अशा वेळी जेवण अधिक तुटपुंजे करून भागत नाही. एंझाइमांच्या कॅप्सूल वैद्यकीय सल्ल्याने जेवणासोबतच घ्याव्या लागतात. दुसरा धोका मधुमेहाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात, पहिल्या आघातानंतर १२ महिन्यांत सुमारे १५ टक्के रुग्णांस नव्याने मधुमेह जडल्याचे आढळले. विकार सौम्य होता म्हणून रक्तशर्करेची नियमित तपासणी टाळणे शहाणपणाचे नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कारणाच्या निर्मूलनाचा. पोट दुखावयाचे थांबले की पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याकडे मनाचा कल होतो. लग्नकार्य किंवा मुलांच्या परीक्षा आड येतात. नेदरलँड्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य विकारानंतर त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांस खड्यांच्या उपद्रवांमुळे पुन्हा रुग्णालयात यावे लागले अथवा मृत्यू आला. सुमारे चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच प्रमाण १७ टक्के होते. मद्याच्या बाबतीत प्रमाण कमी करणे पुरेसे नसते. ते पूर्णपणे वर्ज्य करावे लागते, आणि तंबाखूही. एकदाच केलेला उपदेश येथे अपुरा पडतो. फिनलंडमधील २००९ च्या एका अभ्यासात, दर सहा महिन्यांनी रुग्णाशी पुन्हा संवाद साधल्याने विकाराची पुनरावृत्ती कमी झाली.

सारांश, आजार संपला हे ठरविण्यास वेदनेचा अभाव हा एकच निकष पुरेसा नाही. वजन स्थिर झाले आहे काय, अन्न अंगी लागते काय, रक्तशर्करा योग्य आहे काय, आणि मूळ कारण दूर झाले आहे काय, या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत रुग्णाची वैद्यकीय देखरेख चालू राहावयास हवी. पंक्तीत आग्रहाने वाढलेला तुपाचा पदार्थ किंवा मित्रांनी पुढे केलेला पेला नाकारणे त्यास एकट्याने जड जाते. तेथे घरच्यांनी त्याच्या बाजूने उभे राहणे, हाही उपचारांचाच भाग होय.