नवजात बाळाचा एक्स-रे आणि किरणांचा धोका

क्ष-किरण पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा करू शकतात आणि नवजात बाळाच्या पेशी झपाट्याने विभागत असल्यामुळे, शिवाय पुढे दीर्घ आयुष्य उरलेले असल्यामुळे, तेवढ्याच मात्रेतून कर्करोग उद्भवण्याचा संभव त्याच्या बाबतीत प्रौढापेक्षा अधिक धरला जातो. तरीही छातीच्या एका एक्स-रेची मात्रा मिलिसिव्हर्टच्या, म्हणजे किरणांचा शरीरावरील परिणाम मोजणाऱ्या एककाच्या, काही शतांशांइतकीच असते. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. खरी काळजी असते ती अपुऱ्या दिवसांच्या, पुनःपुन्हा एक्स-रे काढावे लागणाऱ्या बाळांची, आणि तेथे किरणझोत आवश्यक भागापुरताच आखडणे, ज्याला कॉलिमेशन म्हणतात, सर्वांत मोलाचे ठरते.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 मध्ये खेड्यांतील बालन्यूमोनियाविरुद्ध काम सुरू केले, तेव्हा निदानाचा आधार एक्स-रे नव्हे, तर श्वासांची मोजणी हा होता (दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण मानतात). किरण टाळणे हा अर्थातच त्यामागचा हेतू नव्हता. उलट, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गरजेचा एक्स-रे वेळेवर न मिळणे हाच किरणांहून मोठा धोका म्हणावा लागेल. आणि एक्स-रे काढावा लागलाच, तर त्यानंतर बाळ स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे आईने त्याला लगेच पाजण्यास हरकत नसते.