शहराच्या शिवेवरचे गाव : ओक पार्क

आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असू, तेव्हा अमेरिकेचा धडा आला की मुले हमखास एक प्रश्न विचारीत. "गुरुजी, अमेरिकेत गावं असतात का हो?" मुलांना वाटे, तिकडे सगळी उंच इमारतींची शहरेच असणार. आम्ही सांगत असू, "असतात रे बाबांनो. शेतीवाडीची असतात, आणि ज्यांत औताला जागा नाही अशीही असतात."

वाचकहो, आज तुम्हांला अशाच एका गावाची हकिगत सांगतो. आम्ही स्वतः तिकडे गेलेलो नाही. पुस्तके वाचून आणि नकाशे पाहून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवतो. गावाचे नाव आहे ओक पार्क.

गाव कोठे आहे

अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. त्या राज्यात मिशिगन या समुद्रासारख्या मोठ्या सरोवराच्या काठी शिकागो हे शहर वसले आहे. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली ज्या शहरात भाषण केले, तेच हे शिकागो. तिथे आज सुमारे २७ लाख लोक राहतात.

या शहराच्या मध्यापासून पश्चिमेला सुमारे १३ किलोमीटर गेले की एक रस्ता आडवा येतो. त्याचे नाव ऑस्टिन रस्ता. रस्त्याच्या अलीकडे शिकागो शहर, आणि पलीकडे ओक पार्क गाव. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, मोकळे रानही नाही. एक रस्ता ओलांडला की शहर संपले आणि गाव लागले. ओक पार्कची शिव ती हीच.

गाव लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस किलोमीटर. पण २०२० च्या शिरगणतीत तिथे ५४,५८३ माणसे मोजली गेली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी गाव म्हणणार नाही. मग ते लोक का म्हणतात? कारण इलिनॉयच्या कायद्यात 'व्हिलेज' म्हणजे गाव हा कारभाराचा एक प्रकार आहे. वस्ती किती यावर ते नाव अवलंबून नाही.

गाव कसे वसले

१८३५ च्या सुमारास जोसेफ केटलस्ट्रिंग्ज नावाच्या इंग्रज माणसाने इथे जमीन घेतली. आसपास ओक वृक्षांचे रान होते. त्या झाडावरूनच पुढे गावाला नाव पडले. १८४८ साली शिकागोहून आगगाडी सुरू झाली. १८७१ साली शिकागोत भयंकर आग लागली. शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. मग पुष्कळ लोक शहराबाहेर घरे बांधू लागले. कामाला शहरात जायचे आणि रात्री गावात परतायचे, असा क्रम सुरू झाला.

त्या काळी ओक पार्क आणि शेजारचे ऑस्टिन या दोन्ही वस्त्या एकाच मोठ्या पंचायतीखाली होत्या. १८९९ साली मतदान झाले आणि ऑस्टिन शिकागो शहरात गेले. गंमत अशी की ऑस्टिनला शहरात घालणारी मते मुख्यतः आसपासच्या इतर वस्त्यांतली होती! ओक पार्कच्या लोकांनी मात्र शहरात जायचे नाकारले. १९०१ साली त्यांनी मतदान करून वेगळे गाव मागितले, आणि १९०२ पासून ते स्वतंत्र गाव झाले. तेव्हापासून ऑस्टिन रस्ता ही शिव ठरली.

या गावाने नावाजलेली माणसे दिली. फ्रँक लॉइड राइट हा मोठा इमारतशिल्पी १८८९ ते १९०९ पर्यंत इथे राहत होता. त्याने बांधलेली पुष्कळ घरे अजून उभी आहेत. त्याने बांधलेले 'युनिटी टेंपल' हे प्रार्थनामंदिर २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. अर्नेस्ट हेमिंग्वे या लेखकाचा जन्म १८९९ साली इथलाच. त्याला १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कारभार कसा चालतो

गावाचा कारभार एक अध्यक्ष आणि सहा सभासद पाहतात. गावकरी त्यांना मते देऊन निवडतात. आपले सरपंच आणि पंच, तसेच हे म्हणा ना. पण रोजचे काम हे लोक स्वतः करीत नाहीत. त्यासाठी ते एक शिकलेला, पगारी व्यवस्थापक नेमतात. पंचांनी धोरण ठरवायचे आणि व्यवस्थापकाने ते पार पाडायचे. शाळांचे मंडळ वेगळे, वाचनालयाचे वेगळे, आणि बागांचेही वेगळे. घरपट्टीतला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो.

मात्र सगळेच काही गावाचे स्वतःचे नाही. पिण्याचे पाणी गाव शिकागोकडून विकत घेते. शहराच्या लोकल गाड्या गावातून जातात. गाव वेगळे झाले, तरी शेजार सुटत नाही.

डॉक्टर ज्युलियन यांचे घर

आता गोष्टीचा मुख्य भाग ऐका. अमेरिकेत गोरे लोक आहेत आणि कृष्णवर्णी लोकही आहेत. कृष्णवर्णी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण मनातला भेद संपला नाही. गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णी माणसाला घर मिळत नसे. बँका कर्ज देत नसत. ओक पार्कमध्येही जवळजवळ सगळे लोक गोरेच होते.

१९५० साली डॉ. पर्सी ज्युलियन यांनी तिथे एक घर विकत घेतले. हे कृष्णवर्णी होते आणि फार मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. सोयाबीनपासून औषधी द्रव्ये स्वस्तात कशी बनवावीत, हे त्यांनी शोधून काढले. त्यांचे आजोबा गुलाम होते. गुलामाने लिहायला-वाचायला शिकणे हा तेव्हा गुन्हा होता. आजोबा चोरून लिहायला शिकले, म्हणून त्यांची दोन बोटे छाटली गेली, असे डॉ. ज्युलियन सांगत. मंडळी, हे वाचून क्षणभर थांबा. जे अक्षर आज तुम्ही बोट ठेवून वाचता आहात, त्याच्यासाठी एका माणसाला बोटे गमवावी लागली. त्याचा नातू पुढे युरोपात व्हिएन्नाला जाऊन १९३१ साली डॉक्टरेट घेऊन आला.

पण एवढ्या विद्वानालाही गावाने सुखाने राहू दिले नाही. आधी घराला पाणीच सोडेनात. कोर्टात जाऊ, असे सांगितले तेव्हा पाणी आले. मग १९५० च्या नोव्हेंबरात, ते राहायला येण्याआधीच, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. ते तरीही राहायला आले. १९५१ च्या जूनमध्ये घरावर सुरुंगाची दारू फेकली. घरात मुले होती. ती वाचली, हे नशीब. त्यानंतर डॉ. ज्युलियन आणि त्यांचा लहान मुलगा रात्री बंदूक घेऊन घराची राखण करीत.

गावात काही भले लोकही होते. शेकडो शेजाऱ्यांनी या कुटुंबाची बाजू घेतली. ज्युलियन कुटुंब घर सोडून गेले नाही. १९७५ साली डॉक्टर वारले, तोपर्यंत ते त्याच गावात राहत होते. पुढे गावाने एका शाळेला त्यांचे नाव दिले.

भीतीचा धंदा

आता रस्त्यापलीकडे ऑस्टिनमध्ये काय झाले ते पाहू. १९६० साली तिथे बहुतेक वस्ती गोरी होती. मग घरांचे दलाल दारोदार फिरू लागले. ते गोऱ्यांना सांगत, "अहो, काळे लोक येताहेत. घराचा भाव पडणार. आत्ताच विकून टाका." घाबरलेला माणूस मिळेल त्या भावाला घर विके. दलाल तेच घर चढ्या भावाने कृष्णवर्णी कुटुंबाला विके. दोन्हीकडून कमाई दलालाची. एकाने विकले की दुसरा घाबरे, दुसऱ्याने विकले की तिसरा. १९८० पर्यंत ऑस्टिनची बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णी झाली. नुकसान गोऱ्यांचेही झाले आणि काळ्यांचेही. भरला फक्त दलालाचा खिसा.

ओक पार्कच्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला. आता पाळी आपली! करायचं काय? दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे दार बंद करायचे. दुसरा म्हणजे आपणच पळून जायचे. गावाने तिसरा मार्ग धरला. सगळ्यांना येऊ द्यायचे आणि कोणी पळायचे नाही.

गावाने काय केले

पहिली गोष्ट कायद्याची. १९६८ च्या मे महिन्यात गावाने नियम केला की रंग, वंश, धर्म पाहून कोणालाही घर नाकारायचे नाही.

दुसरी गोष्ट, १९७२ साली 'घर विकणे आहे' अशा पाट्या लावायला बंदी केली. एका गल्लीत दहा पाट्या दिसल्या की अकरावा माणूस घाबरतो, हे गावाने ओळखले होते. पुढे १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका गावाच्या खटल्यात अशी बंदी घटनेत बसत नाही, असे ठरवले. तरी ओक पार्कमध्ये पाट्या न लावण्याचा रिवाज आपखुशीने चालू राहिला.

तिसरी गोष्ट, त्याच १९७२ साली रॉबर्टा रेमंड या बाईंनी घरांची माहिती देणारे एक केंद्र सुरू केले. भाड्याने घर शोधायला येणाऱ्याला तिथे गावाच्या सर्व भागांतली घरे दाखवीत. सगळे काळे एका गल्लीत आणि सगळे गोरे दुसऱ्या गल्लीत, असे होऊ नये हा हेतू.

चौथी गोष्ट, १९७५ साली गावाने आपली नवी कचेरी बांधली, ती गावाच्या पूर्व भागात, ऑस्टिनच्या बाजूला. ज्या भागाविषयी लोकांना धास्ती होती, तिथेच पंचायत जाऊन बसली. पुढारी स्वतः भीत नाहीत, हे लोकांना दिसले.

पाचवी गोष्ट विम्याची. १९७८ साली गावाने घरमालकांना हमी दिली. नाव नोंदवा, पाच वर्षे राहा. नंतर घर विकताना भाव खरंच पडला, तर तोट्याचा ८० टक्के भाग गाव भरून देईल. किती लोकांनी पैसे मागितले असतील? एकानेही नाही! कारण भाव पडलाच नाही. पडणार पडणार म्हणून जे भूत नाचवले, ते नुसते भूतच होते.

१९७० साली गावात दर हजारात दोन-तीनच माणसे कृष्णवर्णी होती. १९८० साली दर शंभरात ११ झाली. आज पाचातला साधारण एक रहिवासी कृष्णवर्णी आहे. गोरे पळून गेले नाहीत.

सारे गोड झाले का?

नाही. खोटे कशाला सांगावे? गावात घरे महाग आहेत आणि घरपट्टी जड आहे. गरिबाला तिथे राहणे कठीण जाते. शाळेत गोरी आणि कृष्णवर्णी मुले एकत्र बसतात, पण गुणांत अंतर राहते. त्याची चिंता पालकांना आणि शिक्षकांना आहे. शिवेवरच्या काही गल्ल्यांची तोंडे बंद केलेली आहेत, मोटारींना तिथून ये-जा करता येत नाही. आणि रस्त्यापलीकडचे ऑस्टिन अजूनही गरिबीशी झगडते आहे. आपल्या शिवेच्या आत चांगले केले, तरी पलीकडचा शेजारी मागे राहिला, ही गोष्ट उरतेच.

तरीही ज्या गावाने एका शास्त्रज्ञाच्या घरावर सुरुंग फेकलेला पाहिला, त्याच गावाने वीस-पंचवीस वर्षांत सर्वांसाठी दार उघडले. हे आपोआप झाले नाही. सभा झाल्या, वाद झाले, नियम झाले. लोक बसले, बोलले आणि ठरवले.

आपल्या गावांतही कोणाची वस्ती कोठे, कोणाचे पाणी कोठे, यावरून काय काय घडले, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको. उद्या कोणी कानाशी येऊन म्हणाले, "ते लोक आले की आपलं वाटोळं होणार," तर एक करा. आधी त्याला विचारा, "यात तुझा फायदा काय?" ओक पार्कच्या लोकांनी हाच प्रश्न विचारला होता.

वाचा आणि सांगा

१. ओक पार्कची वस्ती मोठी असूनही त्याला गाव का म्हणतात?
२. दलाल लोकांना भीती का घालीत होते?
३. गावाने कचेरी पूर्व भागात का बांधली?
४. तुमच्या गावात नवीन कुटुंब राहायला आले, तर त्याला कोणकोणत्या अडचणी येतात? चार ओळी लिहा.