काळ्या शौचाकडे दुर्लक्ष नको!

शौचाचा रंग हा चारचौघांत बोलण्याचा विषय नाही. त्यामुळे कित्येक रुग्ण तो डॉक्टरांनाही सांगत नाहीत. परंतु जठरात रक्तस्राव होत असेल, तर त्याची खूण बहुधा तिथेच दिसते. जठरातील आम्ल व पाचकरस यांच्यामुळे रक्त काळे पडते आणि शौचाला डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त होते. मूळव्याधीचे रक्त सहसा लालभडक असते. हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ५६ वर्षांचे एक शेतकरी आले. बांधावरून चालतानाही धाप लागते, एवढीच तक्रार. पोटदुखी नाही, उलटी नाही. हिमोग्लोबिन मात्र अवघे ६ ग्रॅम! खोदून विचारल्यावर कळले, की दोन महिन्यांपासून अधूनमधून शौचाला काळे होत होते आणि मूळव्याध समजून गावठी औषध चालू होते.

रक्त चढवून आम्ही दुर्बिणीतून जठर तपासले. आत एक गुळगुळीत फुगवटा आणि त्याच्या टोकावर छोटा व्रण दिसला. तिथला तुकडा तपासणीस पाठवला, त्यात कॅन्सर आढळला नाही. "रिपोर्ट चांगला आला, आता घरी नेतो," असे मुलगा म्हणू लागला. मी थांबवले. काही गाठी जठराच्या अस्तरात नव्हे, तर त्याखालच्या थरात वाढतात. अशा वेळी वरवरचा तुकडा निर्दोष येऊ शकतो. सी.टी. स्कॅनमध्ये जठराच्या भिंतीत ६ सेंटिमीटरची गाठ सापडली. यकृत स्वच्छ होते.

या दुर्मीळ कॅन्सरला 'जिस्ट' म्हणतात. जठर व आतड्यांच्या हालचालींना ताल देणाऱ्या 'कजाल' पेशींशी त्याचे नाते आहे. यातील बहुतेक गाठींच्या मुळाशी 'किट' या जनुकातील बिघाड असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले.

'चाकू लावला की कॅन्सर पसरतो' या समजुतीने घरच्यांनी दोन दिवस शस्त्रक्रियेला नकार दिला. मी त्यांना समजावले, "गाठ फुटली तर पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो, हे खरे. म्हणूनच ती न फोडता, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह अखंड काढायची. तशीच ठेवली तर रक्त जातच राहील." जिस्ट सहसा लसिकाग्रंथींत पसरत नाही, त्यामुळे बऱ्याचदा संपूर्ण जठर काढावे लागत नाही. याही रुग्णाचे बहुतेक जठर वाचले. आठव्या दिवशी ते घरी गेले.

गाठीच्या तपासणीत जिस्टचे निदान पक्के झाले. पेशींचे विभाजन मंद असल्याने पुढे औषध लागले नाही, फक्त ठराविक काळाने स्कॅन. धोका अधिक असल्यास इमॅटिनिबच्या गोळ्या साधारणतः ३ वर्षे देतात. या आजारावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नसे. २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या गोळीने चित्र पालटले.

वाचकहो, काळ्या शौचाचे कारण प्रत्येक वेळी कॅन्सर नसते. अल्सर किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळेही रक्तस्राव होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे दिसते. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी. काळ्या शौचाबरोबर चक्कर, घाम किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त कमी का झाले, हे कळेपर्यंत नुसत्या टॉनिकवर समाधान मानू नका.