पाचामुखी परमेश्वर, पण कधी?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला कोर्टाचा समन्स नवा नसतो. मारहाणीतल्या जखमांचे सर्टिफिकेट, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला, यापैकी कशावर तरी साक्ष द्यायला जावेच लागते. मध्यंतरी असाच निघालो असताना आमच्या एका इंटर्नने विचारले, ‘‘सर, तिथे ज्युरी कुठे बसते?’’ पोरगी सिनेमे पाहणारी. वर्ध्याच्याच काय, देशातल्या कुठल्याही फौजदारी कोर्टात आता ज्युरी बसत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती प्रथा संपवली. पण प्रश्न मला आवडला. कारण चार-पाच माणसांनी एका खोलीत बसून दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा, हे काम दवाखान्यात आजही चालते. आम्ही त्याला ‘बोर्ड’ म्हणतो, एवढेच.

आपल्याकडे ज्युरी म्हटले की नानावटी खटला आठवतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे ज्याच्याशी संबंध होते त्या प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. झटापटीत पिस्तूल उडाले, असा बचाव होता. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, अंगावर फक्त टॉवेल. तीन गोळ्या लागून तो पडला तरी टॉवेल जागेवरच होता. दोन धडधाकट माणसांची खरोखर झटापट झाली असती तर टॉवेल कमरेला राहिला असता का? सरकारी पक्षाचा हा प्रश्न कुठल्याही पुस्तकी ज्ञानाशिवाय कळण्यासारखा आहे. तरी नऊपैकी आठ सदस्यांनी ‘निर्दोष’ म्हटले. न्यायाधीश आर. बी. मेहता यांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

ज्युरी भावनेच्या भरात वाहून गेली, वर्तमानपत्रांनी तिला भुलवले, असे याचे उत्तर नेहमी दिले जाते. ‘ब्लिट्झ’ने कमांडरची बाजू लावून धरली होती, हे खरेच. पण वरच्या कोर्टांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. ‘अपघात झाला’ असे आरोपी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हे ज्युरीला नीट समजावून दिलेच गेले नव्हते. म्हणजे निकाल चुकला तो माणसे अडाणी म्हणून नव्हे. कशाच्या आधारे ठरवायचे, हेच त्यांच्या हाती धड दिले नव्हते.

बंद खोलीत पुढे काय होते, याचा अभ्यास अमेरिकेत बराच झाला आहे. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन आणि झायझेल यांचे १९६६ चे पुस्तक त्यात गाजले. पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत, दहापैकी नऊ वेळा शेवटचा निकालही तिकडेच, असे त्यांना दिसले. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे खटकेल. त्यात एकटा माणूस अकरा जणांना वळवतो. तसे प्रत्यक्षात क्वचितच घडते, म्हणून तर त्याचा सिनेमा होतो! निकाल बहुतेक वेळा चर्चेच्या आधीच, प्रत्येकाच्या डोक्यात अर्धामुर्धा तयार असतो. पुरावा तुकड्यातुकड्यांत येतो, माणूस तो जोडून एक गोष्ट रचतो. जी गोष्ट सलग वाटते ती खरी वाटते, आणि तिच्यात न बसणारा टॉवेल मग नजरेआड होतो. आम्ही डॉक्टरही यातून सुटलेले नाही. ओपीडीत पेशंटची पहिली दोन वाक्ये ऐकताच मनात निदान उभे राहते, आणि पुढचे प्रश्न ते पक्के करण्यासाठीच विचारले जातात.

दुसरी अडचण संकोचाची. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कार्डावरच्या तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगायचे. शाळकरी पोरालाही जमेल. पण आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरांत माणसे डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांच्या मागे गेली. आणि खरे बोलणारा एक जरी सोबती दिला, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली आले. मला या प्रयोगातला तो एक सोबतीच फार महत्त्वाचा वाटतो.

तो सोबती कधी निरुपयोगी ठरतो, तर नियमच बहुमताचा असेल तेव्हा. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. ‘केसरी’तले मराठी लेख, आणि बहुसंख्य सदस्य युरोपियन; त्यांनी वाचली ती भाषांतरे. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमत मान्य करून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्या दोघांना काय वाटत होते, हे कोणाला ऐकून घ्यावे लागले नाही. हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये ६९ लुटुपुटूच्या ज्युरींवर नेमके हेच तपासले. एकमताची सक्ती होती तिथे चर्चा लांबली, पुराव्याचा कीस जास्त पडला, अल्पमतातले अधिक बोलले. बहुमत चालणार होते तिथे आकडा जुळला की चर्चा आटोपली.

खोलीबाहेरच्या गर्दीचे काय, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. त्या आठवड्यात चौकाचौकांत एकच मागणी होती, आणि संताप अगदी रास्त होता. पण त्या दिवसांत हिंगणघाटातूनच नऊ ज्युरीसदस्य निवडायचे झाले असते, तर कोऱ्या मनाचे नऊ जण मिळाले असते का? न्यायाधीशांनी साक्षी ऐकल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेप सुनावली. न्यायाधीशाला कारणे लिहून द्यावी लागतात, ती कोणालाही तपासता येतात. ज्युरीला कारण द्यावे लागत नसे.

आता आमच्या बोर्डाकडे येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी द्यायची की नाही, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे. बाहेर बाकावर एक बाई नवऱ्यासोबत बसलेली असते, आत पाच डॉक्टर. सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापक आधी बोलले की बाकीच्या चौघांच्या माना आपोआप हलतात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. नोकरी असते, आदर असतो, समोर दुसऱ्या फायलींचा ढीग असतो. पण पाच मतांचे एकच मत झाले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय सैन्याने कधीच शोधला आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे आपल्याकडे सैन्यातली माणसे ओळखीची आहेत, त्यांच्यापैकी कोणालाही विचारा. कोर्ट मार्शलमध्ये मत घेतात ते सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून. साहेबाचे मत ऐकून आपले बदलायची सोयच नाही. मी ज्या बोर्डात असतो तिथे आग्रह धरतो, की रिपोर्ट आधी सगळ्यांनी वाचावेत, प्रत्येकाने आपले मत दोन ओळींत कागदावर लिहावे, मग तोंड उघडावे. दहा मिनिटे जास्त जातात. कधी कधी सगळ्यात तरुण रेडिओलॉजिस्टच्या कागदावर असे काही असते, जे ती बोलली नसती.

हे तुम्हालाही वापरता येईल. ऑपरेशन सांगितले की लोक दुसऱ्या डॉक्टरकडे ‘सेकंड ओपिनियन’ घ्यायला जातात, आणि खुर्चीत बसताच सांगतात, ‘‘नागपूरच्या मोठ्या सरांनी पित्ताशय काढा म्हटलं, तुमचं काय मत?’’ आता त्या बिचाऱ्याने काय करावे? त्याऐवजी आधी त्रास सांगा, तपासू द्या, रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फिल्म पुढे ठेवा, आणि त्याचे मत ऐकल्यावर पहिल्या डॉक्टरचा सल्ला सांगा. दोघांचे जुळले नाही तर का जुळले नाही, हे दोघांनाही विचारा. डॉक्टरला राग येईल अशी भीती बाळगू नका. सुरू असलेल्या औषधांची यादी मात्र पहिल्यापासून समोर ठेवा, ती लपवायची नाही.