ड्रेनेजमधली मिरची आणि आईची साखर

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी ड्रेनेजही खळाळतं. टाक्या भरल्या जातात, साठलेले कपडे धुतले जातात. पुढचे काही दिवस मात्र चेंबरमधली धार बारीक आणि दाट. सांडपाण्यावरून गावाची तब्येत ओळखू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची पहिली डोकेदुखी हीच. नमुन्यात एखादा पदार्थ कमी सापडला, तो खरोखर कमी होता की पाणी जास्त पडलं?

त्यावरचा तोडगा गमतीदार आहे. मिरचीच्या झाडांवर ‘पेपर माइल्ड मॉटल’ नावाचा विषाणू असतो. तो जेवणातून पोटात जातो, त्रास न देता मैल्यातून बाहेर पडतो. नमुन्यात तो किती आहे, यावरून पाण्यात मैल्याचा वाटा किती हे कळतं आणि बाकीच्या मोजमापांना त्याने भागता येतं. ठेचा खाणाऱ्या शहरात या मापाची टंचाई पडू नये.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओचा शोध सुरू झाला. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. त्याच्या आधी दोनच महिने मुंबईच्या सांडपाण्यात हा विषाणू शेवटचा सापडला होता. कोरोनाकाळात पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही सांडपाणी तपासलं.

मग गरोदरपणातली साखर अशी पकडता येईल?

इथे गाडी अडते. लघवीतून गेलेलं ग्लुकोज ड्रेनेजमधले जिवाणू वाटेतच फस्त करतात. शिवाय गरोदरपणात मूत्रपिंड एरवीपेक्षा जास्त साखर सोडतं, त्यामुळे लघवीत साखर दिसली म्हणजे मधुमेह झाला असं नाही. मधुमेहावरचं औषध मेटफॉर्मिन मात्र शरीरातून बव्हंशी जसंच्या तसं बाहेर पडतं आणि सांडपाण्यात सहज मोजता येतं. पण ती गोळी गरोदर सुनेची की सासऱ्यांची, हे चेंबर सांगत नाही.

आईची ओळख रक्तातच पटते. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला अभ्यास याचा नमुना. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंच्या आसपास. हडकुळी दिसणारी, पण चरबी मात्र राखून असलेली. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. 2008 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईच्या रक्ताच्या नळीत जे दिसलं, ते अख्ख्या गावाच्या गटारात दिसलं नसतं.

गरोदरपणातल्या मधुमेहाची सरकारी दवाखान्यांतली तपासणीही रक्ताचीच, पण साधी ठेवली आहे. उपाशीपोटी यायची अट नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त निघाली, तर उपचार सुरू.

छत्रपती संभाजीनगरात हे ग्लुकोज ज्या पाण्यात विरघळवतात, ते प्रामुख्याने जायकवाडीच्या नाथसागराचं. जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली खाम नदी शहराचं सांडपाणी घेत त्याच नाथसागराकडे जाते. वाटेतल्या प्रक्रिया केंद्रांची रचना मैला आणि गाळ कमी करण्यासाठी असते, औषधांचे अंश काढण्यासाठी नव्हे. मेटफॉर्मिनचंही तिथे बऱ्याच अंशी ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं रसायन होतं आणि ते पुढे वाहत राहतं.