पॉवर स्टिअरिंगची गळती : तेल ओतण्याआधी जागा शोधा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक मोटारी आजही व्यापाऱ्यांचा माल आणि टुरिस्टवाल्यांची रोजी वाहत आहेत. नव्या छोट्या मोटारींत बहुधा विजेवर चालणारे स्टिअरिंग असते, त्यात तेलाचा प्रश्नच नाही. जुन्यांत मात्र पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाच्या दाबाने चाके वळवितो. तेल गळू लागले की गाडीवाला दर आठवड्याला टाकी भरत राहतो, किंवा गॅरेजवाला थेट "पूर्ण रॅक बदला" असे सांगतो. दोन्ही वाटा नुकसानीच्याच आहेत. म्हणून गळतीची जागा कशी ओळखावी आणि तिचा इलाज काय, हे येथे देत आहोत.

गळती कोठली?

प्रथम तेल ओळखावे. बऱ्याच गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये गिअरबॉक्सचे लाल ए.टी.एफ. असते. इंजिनचे वापरलेले ऑइल काळपट दिसते. इंजिन थंड असताना पंप, पाइप आणि रॅक पुसून कोरडे करावेत. मग गाडी सुरू करून एकाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन वरून खाली पाहत जावे. तेल खाली ओघळते, त्यामुळे सर्वांत वरची ओली जागा हाच खरा पुरावा. खालचा थेंब फसवितो.

एक सावधगिरी. टायरमध्ये साधारण ३० पौंड हवा असते, पण स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर या पंपाचा दाब १००० पौंडांच्या पुढे जाऊ शकतो. बारीक छिद्रातून उडणारी धार कातडी भेदून आत शिरते. म्हणून बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नये.

स्वस्तापासून महागापर्यंत

१) परतीचा पाइप : याला दाब कमी असतो. रबर कडक होते, क्लिप ढिली पडते. तेलाला टिकणारा पाइप आणि नवी क्लिप एवढ्यावर काम भागते. पाण्याचा पाइप लावू नये, तो तेलाने फुगतो.

२) टाकीतून पंपाकडे येणारा पाइप : येथे पंप तेल ओढतो, म्हणून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीत फेस येतो, पंप कुरकुरतो. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत पंपाच्या तोंडाची छोटी ओ-रिंग कडक झाल्याने हेच होते. ती न पाहता पंप बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा पाण्यात घालणे.

३) दाबाचा पाइप : याला क्लिप लावून जोड देऊ नये. नवा घ्यावा, किंवा हायड्रॉलिक पाइप बनविणाऱ्याकडून मशीनवर टोके दाबून घ्यावीत. जोडावरचे तांब्याचे वॉशर किंवा ओ-रिंग नवीच घालावी.

४) पंपाचे सील : पुलीच्या मागे तेल दिसते. सील बदलताना शाफ्ट तपासावा. त्यावर चरे असतील किंवा बेअरिंग हलत असेल, तर नवे सील टिकणार नाही.

५) रॅकचे सील : रॅकच्या टोकाचा रबरी बूट सैल करताच आतून तेल ओघळले, तर सील गेले आहे. रॅकचा दांडा गुळगुळीत असल्यास किट घालून चालते. गंजाने खड्डे पडले असतील तर रॅक बदलणे भाग आहे. रॅक उतरविल्यास नंतर चाकांचे अलाइनमेंट करावे.

गळती थांबविणारी औषधे रबर फुगवून काही दिवस काढतात. फाटलेल्या पाइपला त्यांचा उपयोग नाही.

तेल भरताना

गाडीच्या पुस्तकात किंवा झाकणावर सांगितलेलेच तेल घालावे. होंडाने आपले तेल वेगळे ठरविले आहे, तेथे ए.टी.एफ. चालत नाही. ब्रेक ऑइल तर कदापि नको, ते सील खराब करते. पुढची चाके उचलून, खाली स्टँड देऊन, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. तेल उतरेल तसे भरत जावे, मग गाडी सुरू करावी. फेस दिसल्यास थांबून तो बसू द्यावा.

गळती लांबणीवर टाकू नये. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडल्यास आग लागू शकते. कोरडा पडलेला पंप घासून निकामी होतो, आणि ऐन वळणावर स्टिअरिंग जड झाले तर जिवावर बेतते.

कारागीर बांधवांना आमची सूचना एवढीच की, गळतीची जागा गिऱ्हाइकाला दाखवून मगच खर्च सांगावा आणि काढलेले सील त्याच्या हाती द्यावे. वापरलेले तेल गटारात न सोडता डब्यात साठवून परवाना असलेल्यालाच द्यावे. क्लिपच्या कामाला क्लिपचेच पैसे घेणाऱ्या मिस्त्रीकडे गाडीवाला पुढच्या मोठ्या कामालाही येतो. धंद्याची खरी बरकत यातच आहे.