रोहिणीचे नाव आणि आजची सरोगसी

उज्जैनचा सांदीपनी आश्रम हे श्रीकृष्ण आणि बलराम यांच्या विद्याध्ययनाचे स्थान मानले जाते, आणि या दोन्ही भावांच्या कथेत एकाहून अधिक माता आहेत. भागवताच्या दशम स्कंधानुसार देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला व तेथे बलराम जन्माला आला; कृष्णाला जन्म देवकीने दिला, वाढवले मात्र यशोदेने. यावरून प्राचीन काळी गर्भरोपणाचे शास्त्र होते असे अनुमान काढणे चूक ठरेल. परंतु मातृत्व दोन स्त्रियांत विभागले जाऊ शकते, ही कल्पना येथील श्रद्धेला परकी नाही, एवढे खास. याच शहरातील गोपाल मंदिर बांधवणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनी पती दौलतरावांच्या मृत्यूनंतर 1827 मध्ये जनकोजीरावांना दत्तक घेतले, आणि अशी दत्तकविधाने मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केली.

असे असूनही एखाद्या अभिनेत्रीला सरोगसीने मूल झाल्याची बातमी येताच लोकमत दुभंगते. सरोगसी म्हणजे एखाद्या दाम्पत्यासाठी किंवा व्यक्तीसाठी दुसऱ्या स्त्रीने गर्भ वाढवून बाळ जन्माला घालणे. भारतीय कायद्यानुसार त्यात सरोगेट मातेचे स्वतःचे बीज वापरता येत नाही, प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण तिच्या गर्भाशयात सोडला जातो. आमिर खान आणि किरण राव यांनी डिसेंबर 2011 मध्ये वैद्यकीय अडचणी सांगून आपल्या मुलाच्या जन्माची बातमी उघडपणे दिली, तेव्हा त्यांच्या वाट्याला पुष्कळ सहानुभूती आली. याउलट जानेवारी 2022 मध्ये प्रियांका चोप्रा यांनी कारण न सांगता आपल्याला मूल झाल्याचे जाहीर केले, तेव्हा सौंदर्य आणि कारकीर्द यांसाठी प्रसूती टाळल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी नयनतारा आणि विघ्नेश शिवन यांच्या जुळ्यांबाबत तमिळनाडू सरकारने चौकशी केली आणि दाम्पत्याने नियमभंग केलेला नसल्याचा निष्कर्ष आला. यातून दिसते ते असे की समाजाला स्त्रीचे दुःख चालते, तिची निवड मात्र खुपते; सरोगसीने पिता झालेल्या करण जोहर यांच्यासारख्या अविवाहित पुरुषावरही टीका झाली, पण प्रसूतीच्या कळा चुकवल्याचा ठपका त्यांच्यावर येण्याचे कारणच नव्हते.

हा रोष राजकारणातही उमटला. मध्य प्रदेशातील विदिशाच्या खासदार आणि तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ऑगस्ट 2016 मध्ये सरोगसी विधेयकाची माहिती देताना, गरजेपोटी सुरू झालेली गोष्ट आता हौस बनली आहे, अशा आशयाची टीका नामवंतांवर केली होती. पुढे 25 जानेवारी 2022 पासून सरोगसी नियमन कायदा लागू झाला. आता केवळ परोपकारी सरोगसीला परवानगी आहे, म्हणजे वैद्यकीय खर्च, विमा आणि असे विहित खर्च वगळता सरोगेट मातेला मोबदला देता येत नाही. ती 25 ते 35 वर्षे वयाची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली आणि स्वतःचे अपत्य असलेली हवी, व आयुष्यात एकदाच तिला हे करता येते.

या साऱ्या वादात मूल वाढवणाऱ्या नामवंतांचे हेतू तपासले जातात, परंतु नऊ महिने गर्भ वाहणारी स्त्री जवळजवळ अदृश्य राहते, आणि खरा अन्याय हाच आहे. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटाने तिला कथेच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे मोठेपण. त्यावरूनच पुढे 2021 मध्ये लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘मिमी’ हा हिंदी चित्रपट आला. गोपनीयता तिच्या हिताची असू शकते हे खरे. पण पुराणाने रोहिणीचे नाव जपले, आणि आजच्या चर्चेत गर्भ वाहणारीचे कष्ट, तिची बुडालेली मजुरी, तिच्या प्रकृतीचा धोका यांचा साधा उल्लेखही होत नाही.

नामवंतांवरील रागातून कठोर झालेल्या नियमांचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांना कॅलिफोर्नियासारख्या, मोबदला देणे कायदेशीर असलेल्या ठिकाणी जाता येते. उज्जैनमधील एखाद्या सामान्य दाम्पत्याला मात्र जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र आणि बाळाच्या पालकत्वाबाबत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो, आणि त्याबरोबरच मोबदल्याविना गर्भ वाहायला तयार असलेली, सर्व अटींत बसणारी स्त्री आप्तपरिचितांतूनच शोधावी लागते.